वरचा सिलिंडर

माझे शिक्षण इयत्ता नववीपर्यंत झाले आहे. ही गोष्ट मी लपवीत नाही, कारण उल्हासनगरच्या कचेरीबाहेर निळ्या ताडपत्रीखाली टेबल मांडून मी जे अर्ज लिहीत आलो, ते वाचताना पदवीधर कारकुनांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे. 'सबब', 'उपरोक्त', 'विषयांकित' आणि 'नैसर्गिक न्यायतत्त्वास अनुसरून' या चार खांबांवर मी कोणत्याही माणसाची कोणतीही अडचण तोलून धरू शकत असे. वारसनोंद, नळजोडणी, सासरच्यांविरुद्ध तक्रार आणि तिच्यावरची सही सुकण्यापूर्वी सासरच्यांची प्रतितक्रार, असे सर्व काही माझ्या हातून गेले आहे. आमच्या व्यवसायाचा एक नियम आहे, जो कोणी लिहून ठेवलेला नाही: आधी दोषी ठरवावा आणि मग घटना त्याच्या मापाने बेतावी. समोर प्रतिवादी नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. हा नियम कचेरीने मानला, पोलीस चौकीने मानला. एका जुन्या बोटीच्या मोटरीने तो मानला नाही.

उल्हास नदी पुरात बदलापूर गावात शिरली, त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. गणपती अजून बसायचे होते. एके सकाळी नदीकाठच्या एका पाड्यातला साठीचा बोटवाला माझ्या टेबलासमोर उभा राहिला. खांद्यावर पंचा, पायाच्या बोटांत वाळलेला चिखल. त्याने कमरेची गाठ सोडून एक तेलकट, काळा स्पार्क प्लग काढला आणि माझ्या कोऱ्या कागदांवर ठेवला.

"अर्ज लिवून दे, रायटर."

"विषय?"

"मोटर चालत नाय."

"वय?"

"अर्जाला वय लागतं?"

"लागतं."

"लिव साठ. आनि मोटरीचं लिव पंचवीस."

त्याचे म्हणणे मी माझ्या भाषेत सांगतो. अनंत चतुर्दशीला आसपासच्या गावांच्या मोठ्या मूर्ती एका तराफ्यावर चढवल्या जात आणि याची बोट तो तराफा ओढून भर प्रवाहात नेई. याचा बाप हे काम वल्ह्यांनी करी. याने एकावर एक दोन सिलिंडर असलेली जुनी मोटर आणून बोटीच्या मागे लटकवली. मूर्तीला शेवटचा हात बोटवाल्याचा लागावा, अशी तिकडची रीत होती. यंदा मोटर सुरू होई, पण जोर धरत नसे. विसर्जन समितीने त्याला बजावले होते: चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी वाळूची पोती लादलेला तराफा मध्यापर्यंत ओढून परत आणून दाखव, नाहीतर खाडीकडचा एक माणूस नवी कोरी मोटर घेऊन यायला तयार आहे.

"तो एकदा आला का मना परत कोन बोलवल?" तो म्हणाला. हातात पंधरा दिवस होते.

मी क्षणभर डोळे मिटले आणि दोषी ठरवला: पेट्रोलपंप. भेसळीविना मोटर कशी बिघडेल? दीड पान लिहून मी ते मोठ्याने वाचून दाखवले. आजूबाजूचे दोन अर्जदार आपापले दुःख विसरून ऐकत राहिले. बोटवाल्याने हात जोडून ऐकले.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "यानं मोटर चालल?"

"चौकशी लागेल."

"रविवारपरेंत?"

रविवार माझ्या चारही खांबांना पेलणारा नव्हता. तेव्हा मी उदार मनाने त्याला मागच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो. मिस्त्री सिंधी होता. तो जनरेटर आणि स्कूटर दुरुस्त करी आणि तरुणपणी खाडीवर बोटींच्या मोटरी उघडल्याचे सांगे. आमच्या गावाची ख्याती अशी की जगात सकाळी निघालेल्या वस्तूची जुळी बहीण इथे संध्याकाळी विकायला असते. पण हा मिस्त्री त्या ख्यातीला बट्टा होता. तो वस्तू खरीच दुरुस्त करी.

दुसऱ्या दिवशी मोटर टेम्पोतून आली. मी तक्रारीची प्रत मिस्त्रीपुढे धरली.

"साईं, पेट्रोल खराब असतं तर दोन्ही सिलिंडर रडले असते," मिस्त्री म्हणाला. "इथे रडतो एकच. पुरात बुडाली होती काय?"

"बुडाली," बोटवाला म्हणाला. "सुकवली, आइल पाजलं. वरीसभर चालली की."

मिस्त्रीने दोन्ही प्लग काढले आणि माझ्याकडे पाहिले. "अंगठा द्या इकडे. दुसऱ्यांचे खूप घेतले तुम्ही."

मी अंगठा प्लगच्या भोकावर ठेवला. बोटवाल्याने दोरी ओढली, तशी आतल्या हवेने माझा अंगठा उडवून लावला. दुसऱ्या भोकावर मात्र म्हाताऱ्याने फुंकर घालावी तेवढाच वारा लागला. मग मिस्त्रीने त्या अशक्त भोकात चमचाभर ऑइल सोडले आणि पुन्हा अंगठा ठेवायला सांगितले. यावेळी जोर थोडा वाढला. त्याचा अर्थ त्याने मला समजावला: सिलिंडरचे झाकण गळत असते तर ऑइलने काही फरक पडला नसता. ऑइलने फट भरली, म्हणजे फट पिस्टन आणि भिंत यांच्या मध्ये आहे. साक्षीदाराला उलटतपासणीत असे पकडताना मी नामांकित वकिलांनाही पाहिलेले नाही.

झाकण उघडले. एका सिलिंडरची भिंत आरशासारखी होती. दुसऱ्याच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, मांजराने दार ओरबाडावे तसे, आणि पिस्टनची कड वितळून तिच्यात रिंग अडकून बसली होती.

"तापली," मिस्त्री म्हणाला. "पाणी मिळालं नाही." त्याने मोटरीचा खालचा पाय उघडून पाण्याच्या पंपातले रबरी चाक काढले. सहा पाकळ्यांतल्या तीन गायब होत्या. "मागून पाण्याची धार पडायची, ती कशी होती?"

बोटवाला खाली बघत म्हणाला, "आदी बोटासारकी व्हती. मंग सुतलीसारकी झाली."

"तेव्हाच बंद करायची होती."

"गेल्या चतुर्दशीला? मूर्ती तराफ्यावर, लोकं काठाला. बंद कशी करू?"

मी तक्रारीची घडी घालून ती आतल्या खिशात ठेवली. पेट्रोलपंपाच्या मालकाला आपण दोषी ठरल्याचे कधी कळले नाही आणि निर्दोष सुटल्याचेही नाही.

उपाय असा ठरला: ओरखडलेला सिलिंडर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका टर्नरकडून थोडा मोठा कापून घ्यायचा, म्हणजे बोअर करायचा, आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा. पिस्टन मिस्त्री मुंबईच्या बाजारातून आणणार होता. त्याने इंजिनाचा गाभा मोकळा करून धुतला आणि खालच्या बाजूचे सील काढता यावे म्हणून तो टेबलावर डोक्यावर उभा केला. मग खराब सिलिंडरशेजारी खडूने फुली मारली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेला.

ती फुली मला पाहवेना. इतक्या महत्त्वाच्या कामाची नोंद खडूने? मी रुमालाने ती पुसली, खुर्ची ओढली आणि माझ्या छापील कागदावर लिहिले: 'सोबत पाठविलेल्या यंत्राचा वरचा सिलिंडर नादुरुस्त असून, नमूद मापाप्रमाणे तो बोअर करून मिळावा, ही विनंती.' खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद सुतळीने यंत्राला बांधला. मिस्त्रीला मराठी बोलता येई, वाचता येत नसे.

"काय लिहिलंत?" त्याने परतल्यावर विचारले.

"तुम्ही सांगितलं तेच, जरा नीट भाषेत."

बोटवाला बाजूला उभा होता. त्याने एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्या लेखणीकडे पाहिले आणि पंचाने तोंड पुसले.

अंबरनाथचा टर्नर देशावरचा, कमी बोलणारा, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस होता. त्याने माझा कागद दोनदा वाचला आणि खणात ठेवला. आपली भाषा एका कारागिरापर्यंत पोहोचल्याचे समाधान मला रिक्षातून परतताना पुरले.

तीन दिवसांनी काम झालेला गाभा आम्ही मिस्त्रीपुढे ठेवला. त्याने कापलेल्या सिलिंडरमध्ये बोट फिरवले, मग दुसऱ्यात फिरवले, मग पुन्हा पहिल्यात.

"साईं, हा तर चांगला होता."

चांगला होता तो कापला गेला होता. ओरखडे होते तिथेच होते. कारण शोधायला मिस्त्रीला विशेष वेळ लागला नाही. बोटीवर ही मोटर ज्या बाजूने वर असते, ती बाजू त्या दिवशी टेबलाला टेकलेली होती. मी लिहिताना जो वरचा दिसला, तो खरे तर खालचा. टर्नर जाणता असल्याने त्याने यंत्र सरळ उभे केले आणि माझ्या आज्ञेप्रमाणे वरचा कापला.

मी आणि बोटवाला पुन्हा अंबरनाथला गेलो. टर्नरने खणातून कागद काढून माझ्यापुढे धरला.

"वरचा लिहिलंय. शिक्का आहे."

"पण ओरखडे तुम्हाला दिसले नाहीत?"

"दिसले की. खालच्यात होते."

"मग?"

"मग काय. कचेरीचा कागद दिसला. म्हटलं, यांच्यात असंच असेल. आपण कशाला विचारायचं?"

मला या उत्तराचा राग आला आणि त्या रागाला जागा नव्हती. डोळ्यांना दिसते ते बाजूला ठेवा आणि कागदावर आहे ते खरे माना, ही शिकवण मीच तर वीस वर्षे टेबल मांडून देत आलो होतो. त्याने ती शिकवण माझ्याहून नेकीने पाळली.

तरीही टेबलाशी परतताच माझ्या हाताने आपले काम केले. मी टर्नरविरुद्ध तक्रार लिहिली: 'उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या दोषाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष.' वाक्य उत्तम साधले होते. मी शाईचे पॅड बोटवाल्यापुढे सरकवले.

त्याने दोन्ही हात मागे बांधले. "यानं काय व्हईल?"

"तो जबाबदार ठरेल."

"त्यानं तुजा कागुद वाचला." तो म्हणाला. "मना डोले हायत, रायटर. मशीन उलटी उबी व्हती, मी बगतलं व्हतं. पन तू लिवत व्हतास. म्हनलं, शिकल्याला मानूस हाय, त्याला ठाव असल. मंग मी गप रायलो."

माझ्याविरुद्ध आजवर बऱ्याच तक्रारी झाल्या आहेत. बारच्या वकिलांनी केली, शेजारच्या टायपिस्टने केली, त्यांतली एक तर सुवाच्य अक्षरात होती. अंगठाही न उमटवता केलेली अशी तक्रार मात्र एवढीच.

रविवारला सहा दिवस उरले होते. दुसरा सिलिंडरही तेवढाच कापायला मी एकटा अंबरनाथला गेलो आणि जणू पहिल्यापासून तसेच ठरले होते अशा थाटात म्हणालो, "आता खालचाही करायचा आहे." टर्नर म्हणाला, "मला वाटलंच." माझी अब्रू राखल्याबद्दल मी त्याचे मनोमन आभार मानले. तोंडाने मानले नाहीत.

पण पिस्टन एकच आला होता आणि मुंबईच्या बाजारात तसा दुसरा नव्हता. मिस्त्रीने दोन दिवस भंगाराच्या गल्ल्या धुंडाळून त्याच मापाचा, वेगळ्या घडणीचा एक पिस्टन मिळवला. तो हाताला जड लागत होता. मिस्त्रीचे म्हणणे असे की दोन पिस्टन वजनाने सारखे नसतील तर मोटर थरथरून स्वतःला खाईल. म्हणून शेजारच्या पापडवाल्याचा तराजू मागवला गेला. एका पारड्यात हलका, दुसऱ्यात जड. मिस्त्री जड पिस्टन आतून कानशीने घासून पुन्हा पारड्यात ठेवी. पापडवाला जवळ उभा राहून कुरकुरत होता: "वडी साईं, माझ्या पापडात लोखंड येईल." "हे ॲल्युमिनियम आहे," मिस्त्री म्हणाला, "पचतं." संध्याकाळपर्यंत काटा मधोमध स्थिरावला. इतके न्याय्य काम पाहण्याचा योग मला कचेरीच्या आवारात कधी आला नव्हता.

पंपाला नवे रबरी चाक बसले. पाण्याच्या वाटा साफ करताना आतून गाळ, नायलॉनचा दोरा, झेंडूचा देठ आणि कुठल्याशा मूर्तीच्या मुकुटाची चमकी निघाली. मिस्त्रीने ते सर्व बोटवाल्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते टाकले नाही, पंचाच्या टोकाला बांधले.

"नवी जोडी आहे," मिस्त्रीने मोटर देताना सांगितले. "अंगाला अंग लागेपर्यंत हळू चालवा. ऑइल जास्त घाला. आणि धारेवर कोणीतरी नजर ठेवा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साईं, बसा बोटीत. लिहिणं खूप झालं, आता वाचा. मागची धार वाचा."

शुक्रवार आणि शनिवार अशा दोन सकाळी मी टेबल बंद ठेवले आणि पांढरा सदरा घालून बोटीच्या मागल्या फळीवर, चालवणाऱ्याकडे पाठ करून बसलो. मोटरीच्या मागून बोटाएवढी जाड पाण्याची धार पडत होती. ती तशीच पडते आहे ना, एवढेच मला बघायचे होते. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हे पाहिले.

"काय रे रायटर, कोनावर नोटीस काडलीस? माशांवर?"

"माशांनी उत्तर दिलं नाय तं एकतर्फी निकाल लावल तो," दुसरी म्हणाली.

बोटवाला हसला. बऱ्याच दिवसांत प्रथमच हसला असावा.

रविवारी काठावर समिती जमली. अध्यक्ष कारखान्यातून निवृत्त झालेले सुपरवायझर होते. गळ्यात शिट्टी, हातात कागद लावलेली फळी. खाडीकडचा माणूसही झाडाखाली आला होता. त्याची नवी मोटर प्लॅस्टिकच्या खोळीत होती, नवरीसारखी. तराफ्यावर पोती चढली तेव्हा अध्यक्षांनी बोटवाल्याला सर्वांसमक्ष विचारले, "चांगला सिलिंडर कापलास म्हणे? ज्याला स्वतःच्या मोटरीचं वर-खाली कळत नाही, त्याच्या हाती आम्ही मूर्ती द्यायच्या?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझ्यापाशी शब्दांची वानवा कधीच नव्हती. त्या क्षणी मी चपलेचा पट्टा नीट करण्यासाठी वाकलो.

"चूक झाली, ती काडली," बोटवाला म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. "आथा मोटर बगा."

दोरीच्या दुसऱ्या ओढीला मोटर लागली. बोट निघाली, मागचा दोर ताणला गेला, तराफा हलला. भाद्रपदातली नदी भरून वाहत होती. मध्यावर पोहोचायला थोडेच अंतर उरले असताना धार बारीक झाली. आधी करंगळीएवढी, मग सुतळीएवढी.

इथे मी कबूल करतो की मी लगेच बोललो नाही. बोललो तर तो मोटर बंद करील आणि काठावर सर्वांसमक्ष हरेल. गप्प राहिलो तर कदाचित ती मध्यापर्यंत नेऊन परतही आणील. कदाचित नवी जोडी जळेल. मी दोन श्वास हा विचार केला. एवढ्यात धार तुटून थेंब पडू लागले.

"धार गेली," मी ओरडलो.

त्याने त्याच क्षणी मोटर बंद केली. काठावर हशा उसळला, शिट्टी वाजली. तराफा प्रवाहात आडवा होऊन आमच्यावर येऊ लागला. बोटवाल्याने दगडी नांगर सोडला, मोटर पाण्याबाहेर तिरपी केली आणि पोटावर झोपून तिच्या पायाशी हात घातला. पाणी आत घेणाऱ्या जाळीला दुधाची रिकामी पिशवी हाराच्या दोऱ्यासकट लपेटली होती. त्याने दोरा दातांनी तोडला. मोटर खाली सोडली. दोरीची पहिली ओढ वाया गेली, दुसरीही गेली. तिसरीला ती लागली आणि मागे बोटाएवढी धार पडली. नांगर वर आला, बोट मध्यापर्यंत गेली, वळली आणि पोती घेऊन काठाला लागली.

"बंद पडली," अध्यक्ष फळीवर लिहीत म्हणाले.

मी छाती भरून युक्तिवाद सुरू केला. तीन वाक्ये झाली असतील, तेवढ्यात झाडाखालचा खाडीवाला पुढे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केले.

"पडली नाही, त्याने पाडली," तो म्हणाला. "मी असतो तर लोकांना दाखवायला तशीच रेटली असती आणि जाळून बसलो असतो. त्याने सोडवलेली पिशवी बघितली मी. ह्या पाण्यात माझी मशीन मी घालत नाही. तुमचं तुम्ही बघा."

तो खरोखरच आपली नवरी उचलून टेम्पोकडे निघून गेला. समितीजवळ निवड उरली नाही, तेव्हा समितीने एकमताने निवड केली. मूर्ती बोटवाल्याच्याच हातून जातील, असा ठराव लिहायचे ठरले आणि साहजिकच सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

बोटवाला काठाशी मोटर हळू चालू ठेवून धार बघत राहिला आणि मी वाळूच्या पोत्यावर बसून ठराव लिहिला. शेवटी एक परिच्छेद जोडला: चुकीचा सिलिंडर बोअर होण्यास बोटचालक वा टर्नर जबाबदार नसून, यंत्र उलट उभे असताना त्याचे वर्णन करणारा निम्नस्वाक्षरीकार एकटा जबाबदार आहे. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत शुद्ध परिच्छेद होता. मी उभा राहून ठराव मोठ्याने वाचला आणि त्या ओळींवर आवाज किंचित जड केला.

"हे मध्येच काय?" अध्यक्ष म्हणाले. "काढा ते. ठरावात याची काही गरज नाही."

"न्यायाच्या दृष्टीने—"

"पान पुरत नाही. सह्या कुठे करायच्या?"

त्यांनी स्वतःच्या पेनाने तो परिच्छेद आडव्या रेघांनी खोडला. मागे एक बाई म्हणाली, "आवाज बरा लावला व्हता पन." सह्या झाल्या, माणसे पांगली.

बोटवाला पाण्यात गुडघाभर उभा राहून मोटरीचे पेच सैल करत होता. मी खोडलेला कागद घेऊन उतारावरून खाली गेलो.

"काका, मी काय वाचलं ते ऐकलंत का?"

"मशीनचा आवाज व्हता." त्याने शेवटचा पेच सोडवला. "काय व्हतं?"

मी वाचायला कागद वर धरला.

"मंग सांग," तो म्हणाला. "आदी खाली ये, हात लाव. जड हाय."